चुनखडीच्या पाण्यातली कोळंबी

मराठवाड्यातल्या येरमाळ्याचं पाणी जड आहे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस धरत नाही, आणि चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो. बोअरला पाणी लागल्याचा आनंद एक दिवस टिकतो. दुसऱ्या दिवसापासून ‘पाणी हाय, पण क्षाराचं हाय’ ही तक्रार सुरू होते. प्यायला जार आणि वापरायला बोअर, अशी वाटणी आता खेड्यापाड्यांत पक्की झाली आहे. या पुस्तकाचा विषय याच तक्रारीच्या पाण्यात सुखाने राहू शकणारा एक जीव आहे. काचेच्या टँकमध्ये ठेवायची, गोड्या पाण्यातली, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची कोळंबी.

चैत्र पौर्णिमेला येरमाळ्यात येडेश्वरीची यात्रा भरते. देवीची पालखी डोंगरावरून खाली येते आणि लाखो भाविक रानात चुनखडीचे खडे वेचतात. असा एखादा खडा एकदा नीट निरखून पाहावा. बाहेरून तो मातकट, ओबडधोबड असतो. फोडला की आतून पिठूळ पांढरा निघतो. त्यावर लिंबाचा थेंब टाकला तर बारीक फसफस होते. ती फसफस म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटमधून सुटणारा वायू. बालाघाटचा हा सगळा डोंगर बेसाल्टचा, आपल्या काळ्या दगडाचा. पावसाचं पाणी या दगडातून आणि त्याच्या मुरमातून झिरपताना दगडातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम थोडं थोडं सोबत घेतं. पाऊस कमी आणि ऊन कडक असलेल्या आपल्या मुलखात त्यातलं बरंच पाणी जमिनीतूनच वर उडून जातं, मागे उरलेल्या चुन्याच्या गाठी बनतात. त्याच गाठी म्हणजे रानातली चुनखडी. जो चुना गाठ न बनता पाण्यातच राहतो, तो बोअरमधून आपल्या बादलीत येतो. डाळ शिजू देत नाही तो हाच, आणि कोळंबीचं कवच बांधतो तोही हाच.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे. कोळंबी पाळायची तर आधी आपल्या गावचं पाणी ओळखावं आणि त्या पाण्याला मानवेल अशी कोळंबी निवडावी. दुकानातली किंवा व्हिडिओतली सर्वांत देखणी कोळंबी आधी घरी आणायची, मग तिच्यासाठी पावडरी आणि बाटल्या ओतून पाणी ‘सुधारत’ बसायचं, हा उलटा मार्ग आहे. त्यात पैसा जातो, आणि ज्याचा काही दोष नाही तो जीवही जातो.

या छंदातल्या तीन कोळंब्यांची नावं सगळीकडे ऐकू येतात. पहिली चेरी. तिचं शास्त्रीय नाव नियोकॅरिडिना डेव्हिडी. मूळची ती चीन, तैवान, कोरिया या भागांतली. निसर्गात ती मातकट आणि अर्धपारदर्शक असते. दुकानात दिसणारी लाल, पिवळी, केशरी, निळी रूपं माणसाने पिढ्यान् पिढ्या निवडून वाढवलेली आहेत. १९०४ साली बुव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने तिचं वर्णन केलं आणि आर्मां दाव्हिद या फ्रेंच धर्मगुरूंचं नाव तिला दिलं. युरोपला पांडाची ओळख करून देणारे ते हेच. दुसरी अमानो कोळंबी. ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या जपानी छायाचित्रकाराने पाणवनस्पतींच्या टँकला कलेचं नवं रूप दिलं आणि शेवाळ साफ ठेवायला ही कोळंबी वापरून ती जगभर नेली. ती कष्टाळू आणि काटक आहे, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीला खारट पाणी लागतं, त्यामुळे घरच्या टँकमध्ये तिची वीण होत नाही. तिसरी क्रिस्टल रेड. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची ही कोळंबी दिसायला अतिशय सुंदर असते, पण तिला हलकं, किंचित आम्लधर्मी आणि गार पाणी लागतं. येरमाळ्याच्या बोअरचं पाणी यातल्या एकाही अटीत बसत नाही. ज्याला ती ठेवायचीच आहे त्याने ठेवावी, पण नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून हे पुस्तक जवळजवळ पूर्णपणे चेरीबद्दल आहे.

आता आकड्यांकडे वळू, कारण अंदाजाने पाणी ओळखता येत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. कोळंबीच्या परदेशी पुस्तकांत हाच आकडा जर्मन अंशांत दिलेला असतो. एक अंश म्हणजे साधारण १८ मिलिग्रॅम. चेरीसाठी ६ ते १२ अंश सांगितले जातात, म्हणजे ११० ते २१५ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्यासाठी आपण चांगला मानतो त्याच पट्ट्यात हा आकडा येतो. चेरी याहून बऱ्याच जड पाण्यातही निभावून नेते. सामू साडेसहापासून आठपर्यंत तिला चालतो.

तुमच्या बोअरचा आकडा माहीत नसेल तर ग्रामपंचायतीत पाणी तपासायचा संच आहे का ते विचारा. नाहीतर स्वच्छ बाटलीत नमुना घेऊन भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्या. कठीणपणा, सामू, नायट्रेट, फ्लोराइड हे सगळं एकाच कागदावर मिळतं. तो कागद कोळंबीपेक्षा तुमच्या घरातल्या माणसांच्या जास्त उपयोगाचा आहे, म्हणून काढून घ्याच. समजा बोअरचं पाणी ४८० निघालं आणि आरओच्या जारचं ४०. एक भाग बोअर आणि दोन भाग जार मिसळलं की १८७ च्या आसपासचं पाणी तयार होतं, आणि चेरीला ते उत्तम मानवतं. जारचं पाणीही एकदा तपासून घ्यावं. सगळेच जार आरओचे नसतात, काहींत नुसतं गार केलेलं पाणी असतं. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र कधीही वापरू नये, त्यात सगळे क्षार गोळा झालेले असतात. चुनखडीचा खडा टँकमध्ये टाकावा का, असंही बरेच जण विचारतात. आपल्याकडे टाकू नये. तो आपल्या पाण्यात आधीच विरघळलेला आहे.

चुना का लागतो, हे समजायला कोळंबीला कात टाकताना एकदा तरी पाहायला हवं. दिवसभर इकडेतिकडे टोचत फिरणारी कोळंबी अचानक खाणं सोडते आणि शेवाळाच्या आडोशाला जाऊन बसते. अंगावर किंचित धुरकट झाक येते. मग पाठीवर, डोक्याचं कवच जिथे संपतं आणि शेपटीच्या कड्या जिथे सुरू होतात, तिथे एक फट पडते. कोळंबी अंग वाकवते, थांबते, पुन्हा वाकवते, आणि एका झटक्यात त्या फटीतून बाहेर उडी घेते. हे इतकं चटकन होतं की डोळा लवला तर हुकतं. मागे उरतं ते तिचंच पारदर्शक रूप. त्यात पाय असतात, मिशा असतात, डोळ्यांवरचं आवरणसुद्धा असतं. ते पाहून नवे लोक कोळंबी मेली असं समजतात आणि काढून टाकतात. काढू नका. नवं कवच टणक होईपर्यंत, म्हणजे दिवसभर तरी, ती लपून राहते; पुढे तीच ते जुनं कवच खाते आणि त्यातला चुना पुन्हा अंगात घेते.

पाण्यात चुना फार कमी असेल, किंवा एकाच दिवशी निम्मं पाणी बदलून क्षारांचं प्रमाण एकदम ढळलं असेल, तर ही फट नीट पडत नाही. डोक्यामागे पूर्ण वेढा घालणारं पांढरं कडं दिसू लागतं आणि कोळंबी स्वतःच्याच कवचात अडकून मरते. त्यावर औषध नाही. तिला वाचवायचं तर आधीच काळजी घ्यावी लागते. पाणी बदलायचं ते आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास, घाईने नाही, त्याच ठरलेल्या मिश्रणाचं आणि टँकच्याच तापमानाला आलेलं. आकडा थोडा कमी-जास्त असला तरी चालतो, रोज बदलत राहिला तर चालत नाही. दुकानातून आणलेली कोळंबी आपल्या पाण्यात सोडतानाही हेच. तिच्या पिशवीतलं पाणी भांड्यात ओतून त्यात टँकचं पाणी थेंबाथेंबाने दोनएक तास पडू द्यावं. त्यासाठी मेडिकलमधून सलाईनची नवी नळी आणावी. तिच्या चाकाने थेंब मोजून सोडता येतात, याहून चांगलं साधन मला तरी माहीत नाही.

मादीने कात टाकली की टँकमध्ये एकच गडबड उडते. तिच्या अंगातून पाण्यात गंध मिसळतो आणि सगळे नर वेड्यासारखे वर-खाली पोहत तिला शोधू लागतात. पुढच्या काही तासांत तिच्या पोटाखाली वीस-तीस अंड्यांचा घोस दिसतो. तीन-चार आठवडे ती तो घोस पोहण्याच्या पायांनी सतत हलवत राहते. काचेला नाक लावून पाहिलं तर कळतं की ती नुसती वारा घालत नाही. मधूनच एखादं अंडं पायाने वेगळं करते, चाचपते, पुन्हा जागेवर ठेवते. अंड्यांना प्राणवायू मिळतो आणि बुरशीही धरत नाही. शेवटच्या दिवसांत अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात, ते पिल्लाचे डोळे. अंड्यातून निघालेलं पिल्लू टाचणीच्या टोकाएवढं असतं, पण हुबेहूब आईसारखं. मधली अळीची अवस्था नाही, खाऱ्या पाण्याची गरज नाही. म्हणूनच चेरी येरमाळ्यासारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या गावात पिढ्यान् पिढ्या नांदू शकते.

टँक लावणं अवघड नाही. तीस-चाळीस लिटरची काच, धुतलेली वाळू किंवा बारीक खडी, स्पंजचा फिल्टर, हवेचा छोटा पंप आणि भरपूर जावा मॉस ही पाणवनस्पती, एवढ्यावर काम भागतं. शेतातली काळी माती घालू नये. अवघड आहे ते वाट पाहणं. विष्ठा, उरलेलं अन्न आणि सडणारी पानं यांतून अमोनिया तयार होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्याचं नायट्रेट. हे जिवाणू स्पंजवर आणि वाळूवर वस्ती करतात, आणि ती वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टँकमध्ये कोळंबी सोडायची नाही. आपल्या जड पाण्यात हा नियम जास्त कडक आहे. अमोनियाचा विषारी भाग पाण्याच्या सामूवर अवलंबून असतो, आणि आपल्या जड पाण्याचा सामू सहसा वरचा असतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर शंभरात एक भागही विषारी नसतो. सामू ८ ला तो पाचाच्या वर जातो, आणि साडेआठला पंधराच्या आसपास. जड पाणी कवचाला चांगलं, पण कच्च्या टँकमध्ये तेच घात करतं. दुकानदार ‘आजच टँक न्या, आजच कोळंबी सोडा’ म्हणाला तर टँक घ्यावा आणि कोळंबी पुढच्या महिन्यात आणावी.

मार्च उजाडला की मराठवाड्यातल्या पाळणाऱ्याची खरी परीक्षा सुरू होते. चेरी १८ ते २८ अंशांत खूश असते, थोडे दिवस ३० सुद्धा सहन करते. बाहेर पारा ४० च्या वर जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीतलं पाणी दुपारी किती तापत असेल याचा विचार करा. तापलेल्या पाण्यात प्राणवायूही कमी मावतो; २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत हा प्रश्न उद्भवला नसता, जाड भिंती आणि वरचा मातीचा थर यांमुळे आतली खोली भर दुपारीही गार राहते. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांच्या मनात दगडमातीच्या घरांची धास्ती बसली, ती रास्तच होती. पण पत्रा आणि स्लॅब आले तशी उन्हाळ्याची धगही घरात आली. कोणाकडे अजून माळवदाची खोली शिल्लक असेल तर टँकची जागा तीच. नसेल तर उत्तरेच्या भिंतीलगत, जमिनीपासून फार उंच नाही अशी जागा बघावी. टँकचं झाकण काढून जाळी लावावी आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. आपली हवा कोरडी असल्याने त्याने पाणी दोन-चार अंशांनी उतरतं. बर्फाचे खडे टाकू नयेत, तापमान एकदम खाली गेलं की कात टाकण्याचा तोल बिघडतो. लाईट गेली की पंप थांबतो, तेव्हा बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असावा, आणि मुळात टँकमध्ये कोळंबीची दाटी नसावी.

पंख्याने पाणी उडतं. एप्रिल-मेमध्ये आठवड्याला चार-पाच लिटर सहज उडून जातं, आणि ही तूट कशाने भरायची यावर बहुतेकांचं गणित चुकतं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार टँकमध्येच राहतात. वरून पुन्हा बोअरचं पाणी ओतलं की जुन्या क्षारांत नव्या क्षारांची भर पडते. दोन महिन्यांत २०० चं पाणी नकळत ४०० वर जातं, आणि मे महिन्यात कोळंब्या का मरू लागल्या हे कोणाला कळत नाही. रानात चुनखडी जशी तयार होते, तसंच हे काचेत घडतं. म्हणून उडालेल्या पाण्याची भरपाई जारच्या किंवा पावसाच्या पाण्याने करावी, आणि आठवड्याचं दहा टक्के बदलायचं पाणी तेवढं मिश्रणाचं असावं. पावसाचं पाणी पहिले दोन-तीन पाऊस जाऊ देऊन मोकळ्या जागेत धुतलेलं कापड बांधून धरावं. पत्र्यावरून आलेलं नको, कारण पत्र्याच्या मुलाम्यातलं जस्त कोळंबीला बाधतं.

इथे एक प्रश्न मला टाळायचा नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. अशा मुलखात हौसेखातर टँक भरावा का? मला वाटतं, चाळीस लिटरचा टँक आणि आठवड्याला चार लिटरची बदली हा खर्च झेपण्याजोगा आहे. टँकमधून काढलेलं पाणी तुळशीला किंवा परसातल्या मिरचीला घातलं तर त्यातलं नायट्रेट खताचं काम करतं. पण ज्या वर्षी गावात टँकर सुरू होतो, त्या वर्षी नवा टँक लावू नये, असलेला सांभाळावा. आपल्या गावची टंचाई आपल्या घरातल्या काचेत दिसली पाहिजे.

आता विषाकडे येऊ. खेड्यातली कोळंबी रोगापेक्षा विषाने जास्त मरते, आणि हे विष कोणी मुद्दाम घातलेलं नसतं. नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर टाकते. जुलाबाची साथ आली की जास्त टाकते, आणि टाकायलाच हवी. ते पाणी उघड्या भांड्यात चोवीस तास, शक्यतो हवेचा पंप सोडून ठेवावं, किंवा दुकानात मिळणारा हायपोचा खडा घालावा. डेंग्यूच्या दिवसांत आरोग्य कर्मचारी घरोघरी येऊन पाणी साठवलेल्या टाक्यांमध्ये ॲबेट टाकतात. डासांच्या अळ्या मारणारं हे औषध कोळंबीलाही मारतं. त्यांना अडवू नका, त्यांचं काम फार मोलाचं आहे. कोळंबीसाठी वेगळी, घट्ट झाकणाची बादली ठेवा, ती दर आठवड्याला कोरडी करा, आणि आलेल्या कर्मचाऱ्यांना ती आधीच दाखवून ठेवा. धूरफवारणीचा भोंगा ऐकू आला की पंप बंद करून टँकवर ओलं कापड घालावं, धूर गेल्यावर लगेच काढावं. डासांची अगरबत्ती आणि भिंतीत खोचायची लिक्विडं यांत पायरेथ्रॉइड गटातली रसायनं असतात. ती माणसाला फारशी त्रास देत नाहीत, पण कोळंबी ही नात्याने कीटकांच्या जवळची आहे. हवेचा पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलत असतो, म्हणून ज्या खोलीत टँक आहे तिथे मच्छरदाणी वापरावी. टँकवरही जाळी असू द्या आणि फिल्टरचे बुडबुडे चालू ठेवा, म्हणजे आपल्या छंदातूनच डास पैदा झाले असं होणार नाही.

शेतकऱ्याच्या घरात आणखी जपावं लागतं. सोयाबीनवर, तुरीवर फवारणी करून आलेल्या माणसाने हात साबणाने धुतले तरी त्या दिवशी टँकमध्ये हात घालू नये. फवारणीची बादली टँकला नाही, म्हणजे कधीच नाही, मग ती कितीही घासलेली असो. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत मोरचूद असतं, आणि मोरचूद म्हणजे तांबं. कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहणारं द्रव्य तांब्यावरच चालतं, पण पाण्यातून आलेलं थोडंसं जास्तीचं तांबंही तिला मारतं. त्यामुळे तांब्याच्या हंड्यात साठवलेलं पाणी नको, आणि माशांच्या रोगांवरची तांबं असलेली औषधं तर मुळीच नकोत. आपल्याकडे ‘सगळ्यावर कडुलिंब’ या समजुतीने कोणी टँकमध्ये कडुलिंबाचा पाला टाकतात. तोही नको. कडुलिंबातलं ॲझाडिरेक्टिन कीटकांची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, म्हणूनच निंबोळी अर्क पिकाला चालतो. कोळंबीची कातही त्याच गटाच्या संप्रेरकांवर चालते.

खाण्याबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण कोळंबीला आपण देतो त्याहून टँक जास्त देतो. पानांवर, काचेवर, दगडावर जो बुळबुळीत थर धरतो तोच तिचं मुख्य अन्न. आठवड्यातून दोन-तीनदा उकडलेल्या पालकाचा किंवा दुधीचा लहान तुकडा पुरतो. दोन-तीन तासांत संपला नाही तर काढून घ्यावा. जास्त खाणं घातल्याने मेलेल्या कोळंब्यांची संख्या उपाशी मेलेल्यांपेक्षा कितीतरी पट असते, हे मी ठामपणे सांगतो. मराठवाड्यात आता रेशीम शेती वाढली आहे आणि तुतीचा पाला कोळंबीला फार आवडतो. जो पाला शेतकरी त्या दिवशी स्वतःच्या रेशीम अळ्यांना घालत आहे तो मागून घ्यावा. अळी औषधाला कोळंबीइतकीच नाजूक असते, त्यामुळे तो पाला बहुधा निर्धोक असतो. धुऊन, उकळत्या पाण्यात पाचएक मिनिटं ठेवून मग घालावा. देशी बदामाची वाळून गळलेली पानंही चांगली, ती महिनाभर हळूहळू कुजत राहतात आणि पिल्लं त्यांच्याखाली वाढतात.

रोगांचं प्रकरण या पुस्तकात शेवटी आणि लहान आहे, ते जाणूनबुजून. नाकापाशी पांढऱ्या काड्यांसारखे दिसणारे जीव कोळंबीला मिठाच्या पाण्यात क्षणभर बुडवून घालवता येतात. पोटाखाली हिरवट-पिवळा तंतूंचा झुबका दिसला तर ती कोळंबी ताबडतोब वेगळी करावी, कारण त्यावर खात्रीचा इलाज नाही. नव्या पाणवनस्पतींसोबत चतुराची अळी आली तर ती एकेक कोळंबी फस्त करते. झाड आधी आठवडाभर वेगळ्या भांड्यात ठेवून निरखावं. आणि मासे? हौदात डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपण गप्पी सोडतो, तोच गप्पी टँकमधली कोळंबीची पिल्लं खातो. कोळंबीचा टँक कोळंबीचाच असू द्यावा.

शेवटी एक गोष्ट मला निक्षून सांगायची आहे. सगळं नीट जमलं तर दहा कोळंब्यांच्या वर्षभरात शंभर-दोनशे होतात. मग एखाद्याला वाटतं, थोड्या विहिरीत, बारवेत किंवा शेततळ्यात सोडाव्यात, मोकळ्या जगतील बिचाऱ्या. पण तसं करू नये, हे पाणी पुढे नदीला जाऊ शकतं. तेरणा नदी इथून जवळच तेरखेड्यापाशी उगम पावते, पुढे मांजरेला आणि मांजरेतून गोदावरीला मिळते. आपल्या ओढ्यांत आणि तळ्यांत आपल्या मातीतले झिंगे आहेत, आणि त्यांच्या अन्नावर, त्यांच्या जागेवर परक्या कोळंबीचा हक्क नाही. चेरीने हवाईतल्या ओहू बेटाच्या ओढ्यांत आणि जर्मनीत गिलबाख नावाच्या, वीज केंद्राच्या गरम पाण्याने कोमट राहणाऱ्या ओढ्यात वस्ती केल्याची नोंद आहे. तेरणेचं पाणी तर तिच्यासाठी बारा महिने कोमटच आहे. म्हणून वाढलेल्या कोळंब्या दुसऱ्या पाळणाऱ्याला द्याव्यात, शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षक तयार असतील तर तिथे एक टँक लावून द्यावा, किंवा नर-माद्या वेगळ्या ठेवून वीण थांबवावी. टँकमधून काढलेल्या पाणवनस्पती उन्हात कडक वाळवून मगच उकिरड्यावर टाकाव्यात, आणि टँकचं पाणी झाडाच्या आळ्यातच ओतावं, गटारीत किंवा ओढ्यात नाही.